पांढरं पडलेलं सोनं

इस्तरावशान
२८ ऑक्टोबर २००१

आपा,

पोचले, आणि जिवंत आहे. निघताना तू एवढी रडलीस की जीपमधल्या बायकांना वाटलं, ही सासरी नाही, तुरुंगात चाललीय.

परवा रूबिनोन झालं, नवरीचं तोंड बघण्याचा समारंभ. मला पडद्यामागे गादीवर उभं केलं, समोर तीस-बत्तीस बायका. निसोनं डाळिंबाच्या काठीनं माझा पदर वर केला. निसो म्हणजे माझ्या थोरल्या जावेची, रोबियाची, सहा वर्षांची मुलगी. पदर वर गेला आणि सगळ्या एकदम गप्प. मला वाटलं, संपलं. कानामागची रेघ दिसली. तिथं घाईत क्रीम नीट लागलं नव्हतं. मग एक म्हातारी म्हणाली, "माशाअल्ला, ही तर दुधावरची साय!" आणि गलका परत सुरू झाला.

पण पुढे घोळ झाला. सासूबाईंच्या नणंदेनं सगळ्यांसमोर विचारलं, "सूनबाई, तोंडाला काय लावतेस ग?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जर्दाळूच्या बियांचं दूध आणि साय. माझी आपा घरी करून पाठवते." आता अख्ख्या गल्लीत तुझं नाव झालंय.

सासूबाईंना सगळे होसियत-ओया म्हणतात. पिठासारख्या गोऱ्या. तोंडभर सोन्याचे दात, कानात सोनं, आणि बोटात मात्र एक फिकट चांदीची अंगठी. काटकसर म्हणावी तर तसं घर नाही. बोलतात कमी. चहा अर्धा पियालाच भरून देतात, तरी हात थरथरून सांडतो. माझ्यावरच्या रागानं थरथरतो असं मला वाटतं, म्हणून मी सारखी त्यांच्या हाताकडे बघत असते.

आणि या गोऱ्यांच्या घरात निसो माझ्यासारखी आहे. म्हणजे खऱ्या माझ्यासारखी. जाऊ गोरी, दीर गोरे, आणि ही सावळी कुणावर गेली, हा इथल्या प्रत्येक चहाचा विषय. बायका तिला चिडवतात, "तुला भटक्या लुलींकडून चाळणीच्या बदल्यात घेतली." ती सगळ्यांबरोबर हसते आणि मग कोठीत पोत्यांमागे जाऊन बसते. परवा मी पीठ आणायला गेले तर तिथं होती. मला, नव्या काकूला, म्हणाली, "यांगा, तू पण लपायला आलीस?"

डब्या दोनच उरल्यात. घाट बंद व्हायच्या आत जीपवाल्या तोलिब-अकांबरोबर आणखी पाठव. मला परत ते दिवस नकोत, आपा. मला बघायला आलेली ती कानिबादामची बाई आठवते ना? "मुलगी गुणी आहे, पण उन्हात विसरलेली दिसते," असं म्हणून होकाराचा नान न मोडता उठली होती. तो अख्खा नान दस्तरखानावर कडक होईपर्यंत पडून होता.

तुझी
मलोहत


दुशान्बे
८ नोव्हेंबर

मलो, माझ्या सायीच्या गोळ्या,

जर्दाळूच्या बियांचं दूध! अग, एवढी अक्कल शाळेत कुठं गहाण ठेवली होतीस? वाचून इतकी हसले की शेजारच्या टपरीवरची मसालेवाली विचारायला आली, नवरा करतेस की काय.

सहा डब्या पाठवते आहे. नीट ऐक. नुसता चेहरा नाही. कान, मान, मनगटं, पायाची बोटंसुद्धा. शेजारणी तोंड बघतात, सासवा मनगट बघतात. डबी उजेडात ठेवू नकोस, क्रीम काळं पडतं. आणि भिऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या त्या गल्लीतल्या किती बायका पदराआड काय काय लावत असतील, तुला काय माहीत? माझ्या टपरीवर क्रीम घ्यायला डॉक्टरणीपासून मुल्लाच्या बायकोपर्यंत सगळ्या येतात. मी स्वतः तीन वर्षं लावतेय, मला काय धाड भरलीय?

अक्षर वाकडं आलंय, त्यावरून चिडवू नकोस. मोठ्या डब्यातलं छोट्या डब्यांत भरून भरून मनगट गेलंय. तोंडातही सारखी तांब्याची चव येते, सोन्याचा दात बदलायला हवा. आणि एक गंमत ऐक. माझी लग्नातली अंगठी पांढरी पडली! बारा वर्षं मिरवली, आणि आता चांदीसारखी दिसतेय. मेल्यानं मला काय घातलं होतं कोण जाणे. नवरोबा जाऊन पाच वर्षं झाली तरी फसवतोच आहे. एक दिवस सोनाराकडे, उस्तो नजमिद्दीनकडे, जाऊन तपासून घेते.

तुझ्या शेरालीला सलाम. सासूच्या हाताकडे बघत बसू नकोस. वर बघ, डोळ्यात डोळे घालून बघ. आता तुझ्यात लपवण्यासारखं काही नाही.

आपा


इस्तरावशान
१९ नोव्हेंबर

आपा,

तोलिब-अका म्हणताहेत ही यंदाची शेवटची खेप, म्हणून घाईत लिहिते.

शेराली रशियाला गेले. बांधकामावर, बर्फ वितळेपर्यंत. अठ्ठावीस दिवसांचा संसार झाला. त्यांनी मला उजेडात नीट पाहिलंय कुठं? वसंतात परत आले की पाहतील, आणि तोपर्यंत मला आहे तशीच राहिलं पाहिजे.

आता खरं सांगते. चार दिवसांपूर्वी ओया माझ्या खोलीत आल्या. पेटी उघडीच होती. त्यांनी एक डबी उचलली, वास घेतला. म्हणाल्या, "हेच ना ते जर्दाळूचं?"

मी मान हलवली.

"दुसरं काही नाही ना त्यात? लेकराला बाधणार नाही?"

आपा, खरं काय ते जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि मी म्हटलं, "नाही ओयाजान, जर्दाळूनं काय बाधायचंय?" त्यांनी डबी कमरेला खोचली आणि गेल्या. संध्याकाळी अंगणात निसोला पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. हात थरथरत होते, तरी एवढ्या हलक्यानं लावत होत्या, जसं काही तान्ह्या बाळाला लोणी चोळताहेत. पोर खूश! मला हात दाखवायला आली, "यांगा, मी पण तुझ्यासारखी होणार." रोबियानंही पहिल्यांदा माझ्याकडे बघून गोड हसून दाखवलं.

मोठ्यांना काही होत नाही, मग लहानांनाही होत नसेल ना? तेवढं एक लिही. नुसतं 'होत नाही' एवढं लिहिलंस तरी चालेल.

माझीही अंगठी पांढरी पडायला लागलीय, खालच्या बाजूनं. सासरची आहे. बदलली म्हणतील, मोडून खाल्ली म्हणतील. मी दिवसभर हात कणकेनं माखून फिरते.

मलो


दुशान्बे
१ डिसेंबर

मलो,

क्रीम बंद कर. हे वाचतेस त्या क्षणी. तुझं आणि त्या पोरीचं. आधी तिचं.

आज उस्तो नजमिद्दीनकडे अंगठी घेऊन गेले होते. भांडायच्या तयारीनंच गेले होते. म्हातारबुवांनी अंगठी भिंगाखाली धरली आणि विचारलं, "बाई, पाऱ्यात हात घालतेस का?" मी म्हटलं, "मी कशाला पाऱ्यात हात घालू? क्रीम विकते मी." ते म्हणाले, "डबी दाखव." होतीच पिशवीत. त्यांनी सोन्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला, क्रीम चोपडलं, चोळलं आणि म्हणाले, बस जरा, चहा घे. चहा संपला तेव्हा तुकडा डागाडागांनी पांढरा पडला होता.

"खऱ्या सोन्याचंच असं होतं," म्हणाले. "तुझ्या नवऱ्यानं तुला अस्सल सोनं घातलं होतं." मी त्या मेलेल्या माणसाला काय काय बोलले ग. म्हातारबुवांचे वडील तांब्यावर सोन्याचा मुलामा द्यायचे, पाऱ्यात सोनं कालवून. चाळिशीत दात पडले, हात एवढे थरथरायचे की पियाला ओठांपर्यंत जायचा नाही, आई पाजायची. शेवटी लघवी बंद झाली. "सोन्याला रंगवतं ते कातड्याला सोडेल का?" म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघत राहिले.

पोरीचं क्रीम बंद कर. काय वाटेल ते कारण सांग.

७ डिसेंबर
तोलिब-अकांनी पत्र परत आणून दिलं. एकदा शेवटचं जाऊन बघतो म्हणून निघाले होते, पण बर्फानं अर्ध्या वाटेतून फिरवलं. आता मे महिन्यापर्यंत घाट बंद.

१६ डिसेंबर
रोज पोस्टात खेपा घालून आज कुठं तुमच्याकडे फोन लागला. तुझ्या सासूबाईंनी उचलला. "सून तंदूरवर आहे," म्हणाल्या. "मुलगी म्हणजे मुलगी आहे तुमची, घर उजळलं." मागून एक मूल रडत होतं, एका सुरात, हट्टानं रडतात तसं नाही. मी विचारलं, कोण रडतंय? म्हणाल्या, "आमची निसो. पाय दुखतात म्हणते. वाढीचं वय आहे."

मला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण तू सांगितलेली थाप उघडी पडली असती, तुझा संसार मोडला असता, आणि मी 'सगळ्यांना सलाम सांगा' म्हणून फोन ठेवला. बाहेर येऊन पोस्टाच्या पायरीवर बसले. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

एक बाई विमानानं खुजंदला चाललीय. तिच्याबरोबर हे देते. ती तोलिब-अकांच्या बायकोकडे पोचवेल.

आपा


इस्तरावशान
२० डिसेंबर

आपा,

हे पत्र कधी पोचेल माहीत नाही. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

निसोला काहीतरी झालंय. तळहात आणि तळपाय गुलाबी झालेत, साल निघतेय. घरातले खूश होते. ओयांची नणंद म्हणाली, "बघा, काळं उतरतंय, आतून गोरी निघतेय!" म्हणून दिवसातून दोनदा लावायला लागले. पण पोर जेवत नाही. घामानं भिजते. उजेड सहन होत नाही, तोंड भिंतीकडे करून पडते. आणि पाय, आपा! या थंडीत पाय पाटाच्या पाण्यात घालून बसते. बर्फाचा पापुद्रा फोडून आत पाय घालते. ओढून आणलं तर किंचाळते, "जळतंय, जळतंय." काल माझ्या हाताला चावली. एवढी गोड पोर!

ओया म्हणतात दृष्ट लागली. गोरी व्हायला लागली ती लोकांना बघवली नाही. रोज इस्पंदच्या बिया जाळून धूर करतात. धूर डोळ्यांत जाऊन पोर आणखी रडते.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "घरात काही पोटात गेलंय का? उंदराचं औषध वगैरे?" सगळ्यांनी नाही म्हटलं. मीही म्हटलं. त्यांनी संधिवाताच्या गोळ्या दिल्या.

मला काही माहीत नाही, हो ना? मला खरंच काही माहीत नाही.

मलो


इस्तरावशान
४ जानेवारी २००२

आपा,

तुझं पत्र तोलिब-अकांच्या बायकोनं तंदूरपाशी पिठाच्या पिशवीतून दिलं. तिथंच वाचलं. वाचताना एक नान जळला.

आधी तुझा राग आला. इतका, की म्हटलं, ही लग्नाआधीच का नाही गेली सोनाराकडे? तीन वर्षं दुकान थाटून बसलीय! मग तो राग माझ्याकडेच वळला. डबी मागितली मी. थाप मारली मी. दोनदा विचारलं तेव्हा दोन्ही वेळा खोटं बोलले तेही मीच.

मी काय केलं ते सांगते. सगळ्या डब्या पाटाच्या कडेला खड्डा करून पुरल्या. मग खरोखरच जर्दाळूच्या बिया फोडल्या, वाटल्या, सायीत कालवून ओयांच्या डबीत भरल्या. आता खोटं खरं झालं, असं मला वाटून गेलं. किती मूर्ख!

कारण पोर बरी होत नाहीये. जे आत गेलंय ते आतच आहे. चेहरा सुजलाय. उभी राहत नाही. डॉक्टर चुकीच्या गोळ्या देताहेत, आणि का चुकीच्या, हे या गावात मला एकटीलाच माहीत आहे.

इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर ते मला परत पाठवतील. नुसतं परत नाही. रंग लावून फसवून आलेली, आणि वर लेकराला विष घातलेली. शेरालीला रशियात फोनवर कळेल. आणि नाही सांगितलं तर? ते वाक्य मी पुरं करत नाही. रोज सकाळी उठते, आधी पोरीचं रडणं ऐकू येतं का बघते. ऐकू आलं की जिवात जीव येतो.

आरशात कपाळाच्या कडेनं माझा रंग परत येतोय. मी पदर पुढे ओढून वावरते.

मलो


दुशान्बे
१८ जानेवारी

मलो,

हे अक्षर माझं नाही. मसालेवाली लिहितेय, मी सांगतेय. पेन बोटांत राहत नाही. काळजी करू नकोस म्हणणार नाही, थापा पुष्कळ झाल्या.

सांगून टाक. आजच. सगळं माझ्यावर घाल. म्हण, आपानं मला फसवलं, मलाही जर्दाळूचंच म्हणून दिलं. मी तुझ्या सासूला फोनवर कबूल करीन. या वेळी करीन. पोलिसांत द्यायचं तर देऊ दे. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. उन्हात खेळू नकोस, काळी होशील, हे तुला पहिल्यांदा मीच म्हटलं होतं. त्या बाईनं नान मोडला नाही, त्याच्या किती आधीची गोष्ट आहे ही. ती पहिली डबी मीच तुझ्या हातात दिली. तू मागितली नव्हतीस.

दुकान बंद केलंय. पण रोज जाऊन टपरीसमोर बसते आणि येतील त्या बायकांना सांगते, लावू नका. ऐकत नाहीत ग! एक म्हणाली, "स्वतः गोरी झालीस, आता आमच्या वेळेला पाराबिरा काढलास होय?" आणि पलीकडच्या टपरीवरून घेऊन गेली. कडेवर मूल होतं.

(हे मी माझ्याकडून लिहिते: तुझी आपा जेवत नाही. तिनं हे लिहायला नको म्हटलंय. — मसालेवाली सबोहत)


खुजंद
३ मार्च

आपा,

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच मी सांगून टाकलं होतं. त्यामुळे तुझ्यावर काही घालता आलं नाही. आलं असतं तरी घातलं नसतं.

त्या सकाळी निसोला झटका आला. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठ. झटका थांबल्यावर ओया तिला मांडीवर घेऊन बसल्या, रोबिया समोवारपाशी. मी माझ्या खोलीत गेले, ओल्या फडक्यानं तोंड खसखसून पुसलं, पदर मागे टाकला आणि एक पुरलेली डबी उकरून आणली. तिच्यावर चिखल होता. त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हे जर्दाळूचं नव्हतं. यात पारा आहे. मी अशीच आहे, ही बघा, काळी. मला हाकलून द्या, पण आधी डॉक्टरांना हे सांगा."

रोबियानं हातातला पियाला मला मारला. कपाळाला लागला. लागायलाच हवा होता.

ओयांनी डबीकडे बघितलंच नाही. माझा हात धरला, अंगठी फिरवली आणि तिच्याशेजारी स्वतःचा हात ठेवला. त्यांची अंगठी आणि माझी अंगठी. एकच रंग, आपा. मी इतके दिवस चांदी समजत होते.

"तुझ्या सासऱ्यांनी घातलेलं सोनं आहे हे," म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली."

मग रोबियाकडून पेटी आणवली. तळाशी, कपड्यांखाली, डागांवर लावायच्या रशियन मलमाच्या नळ्या होत्या. पिळून चपट्या केलेल्या, ओळीनं ठेवलेल्या. माझी सासू, पिठासारखी गोरी होसियत-ओया, निसोच्या रंगाची होती. निसो कुणावर गेली ते घरात एकीला माहीत होतं, आणि ती सहा वर्षं सगळ्यांबरोबर चहा पीत होती.

त्या म्हणाल्या, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही: "हे चांगलं नाही हे मला कळत होतं. हात काय उगाच थरथरतात? म्हणून या पोरीला मी कधी लावलं नाही. जगानं हिला लुली म्हटलं, मी ऐकून घेतलं, पण लावलं नाही. तू जर्दाळूचं म्हणालीस म्हणून लावलं. मी दोनदा विचारलं होतं तुला."

मी पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी उचललं नाही, लाथही मारली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऊठ. डबी घे. गाडी बोलाव."

इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डबी बघितली आणि एका तासात औषध बदललं. वेळेवर आलो का, असं विचारलं तर म्हणतात, मूत्रपिंडं ठरवतील. कधी सूज उतरते, कधी परत चढते. मी रोज सकाळी तिची लघवी मापात धरून नर्सला दाखवते आणि नर्सचा चेहरा वाचते. तेवढ्यानं माझा दिवस ठरतो.

मला परत पाठवलं नाही. ओया म्हणाल्या, "पळून जायला मिळणार नाही. हिचे पाय तू दाबायचे." शेरालीला त्यांनी स्वतः फोन केला. ते काय म्हणाले हे मला सांगितलं नाही. रोबिया माझ्याशी बोलत नाही. मी दिलेला चहा घेते, पण आधी माझ्यासमोर धरते, आणि मी एक घोट घेतला की मग पिते. बरोबर आहे तिचं.

ओयांनीही लावणं सोडलंय. तोंडावर ठिकठिकाणी खरा रंग उमटतोय. वॉर्डातल्या बायका टक लावून बघतात, त्या बघू देतात. तूही इथं ये. त्याच डॉक्टरांना हात दाखव. घाट उघडायची वाट बघू नकोस, विमानानं ये. आणि येताना आठवतील तेवढ्या बायकांची नावं लिहून आण. ज्यांच्याकडे लेकरं आहेत त्यांची आधी. सबोहतबाईंना लिहायला सांग.

निसो आता बोलते. पहिल्या दिवशी मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "यांगा, मी परत काळी झाले की पाय दुखायचे थांबतील?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी आरसा मागते. हात उजेडात धरते, उलटा करते, सुलटा करते आणि विचारते, "आज झाले का ग थोडी?"

मी म्हणते, "झालीस. थोडी झालीस."

मलोहत